हस्तर लोभी, असं सांगतो कोण?

‘तुंबाड’वर चार माणसं बोलायला लागली की तिसऱ्या-चौथ्या वाक्याला ‘लोभ’ हा शब्द येतोच. कॉलेजातला मुलगा असो, बँकेतला कारकून असो की पुण्या-मुंबईचा समीक्षक, निकाल सगळ्यांचा एकच: लोभाचं फळ वाईट, हे सांगणारा अप्रतिम भयपट. मग पावसाचं कौतुक होतं, त्या म्हातारीचं होतं, कॅमेऱ्याचं होतं आणि गप्पा संपतात. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मीही असंच म्हणालो होतो. माझं मत बदललं ते भाच्याच्या एका प्रश्नामुळे. शहाद्याहून सुट्टीला आला होता, रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉपवर चित्रपट लावला, आणि शेवटाकडे तो म्हणाला, “मामा, एवढं सोनं कमरेला बांधलेलं असून हा हस्तर पिठाच्या बाहुलीमागे का धावतो?” मी म्हणालो, “लोभी आहे म्हणून.” तो म्हणाला, “पिठाचा कसला लोभ? त्याला भूक लागलीय.”

या उत्तरापुढे मला काही बोलता आलं नाही. नंदुरबार जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला तर मुळीच बोलता येऊ नये.

प्रचलित मत आधी नीट मांडलं पाहिजे, कारण ते पोकळ नाही. चित्रपटाची सुरुवातच गांधीजींच्या नावावर असलेल्या प्रसिद्ध वचनाने होते. पृथ्वी माणसाची गरज भागवू शकते, हाव नाही, या अर्थाचं. त्यानंतर येते हस्तरची कथा. सोनं आणि धान्य या दोन्हींची स्वामिनी असलेली एक देवी, तिच्या पोटी सोळा कोटी देव, त्यांतला पहिला आणि सर्वांत लाडका हस्तर. त्याने आईचं सोनं घेतलं, मग धान्याकडे हात टाकला, तशी बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले. आईने त्याला वाचवलं आणि आपल्या गर्भात ठेवलं. अट एवढीच की त्याची पूजा कधी होणार नाही, त्याला सगळे विसरतील. तुंबाडच्या एका घराण्याने ही अट मोडून त्याचं देऊळ बांधलं आणि गावावर देवांचा कोप पाऊस होऊन कोसळत राहिला. मग १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन टप्प्यांत विनायकाची गोष्ट. लहानपणी या सोन्याबद्दल ऐकलेला मुलगा तरुणपणी परत येतो, गर्भात उतरण्याची युक्ती शिकतो, पीठ टाकून हस्तरला भुलवतो आणि त्याच्या लंगोटातल्या मुद्रा ओरबाडून आणतो. पुण्यात वाडा, गाडी, रखेल, चैन. शेवटी मुलालाही तोच धंदा शिकवतो आणि त्यातच संपतो. शापित बाप सगळं सोनं पुढे करतो. मुलगा, पांडुरंग, ते नाकारतो आणि बापाला पेटवून देतो. यातून लोभाचा निषेध निघत नाही असं म्हणणारा माणूस हेकट ठरेल. शिवाय चित्रपट करणाऱ्यांनीही मुलाखतींतून लोभ हाच विषय असल्याचं सांगितलेलं आहे.

इतका भक्कम पूर्वपक्ष असताना तात्पर्य ठरवायचं कसं? आपल्याकडे याची जुनी कसोटी आहे. मीमांसकांनी ग्रंथाच्या तात्पर्याची सहा लिंगं सांगितली: उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. टिळकांनी १९१५ साली ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध केलं तेव्हा शेकडो वर्षांच्या भाष्यकारांविरुद्ध उभं राहताना याच कसोटीचा आधार घेतला होता. भयपटाला मीमांसा लावणं काहींना हास्यास्पद वाटेल. वाटू द्या. लोभवाद्यांची सगळी भिस्त पहिल्या लिंगावर आहे: आरंभी वचन, शेवटी नकार. बाकीची लिंगं त्यांनी तपासलेलीच नाहीत. आणि आरंभीचं ते वचन तरी काय आहे? मीमांसक ज्याला अर्थवाद म्हणतात, म्हणजे विषयाची स्तुती किंवा निंदा करणारं वाक्य, त्या जातीचं आहे ते. अर्थवादावरून विधी ठरत नसतो.

पण खरा घोळ उपक्रमातच आहे, आणि तो पडद्यावर अगदी उघड असून कुणी त्याबद्दल बोलत नाही. हस्तरची ही कथा सांगतो कोण? एखादा पुराणिक नाही, साधू नाही, गावातला जाणता माणूस नाही. ती विनायक सांगतो, आपल्या मुलाला. म्हणजे ज्याने चौदा वर्षं हस्तरच्या कमरेला हात घालून पोट भरलं आणि पोट भरल्यावर वाडा भरला, तोच माणूस वारसाला सांगतोय की तो बघ, तो लोभी आहे. चोर ज्याच्या घरी चोरी करतो त्याच्याबद्दल तो काय सांगणार? आपल्या कोर्टांत एकतर्फी निकाल लागला तर निदान दुसऱ्या बाजूला तो रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो. हस्तरची बाजू सबंध चित्रपटात एकदाही ऐकू येत नाही. तो बोलतच नाही. तो गुरगुरतो, धावतो आणि खातो.

आणि त्याच्यावरचा आरोप तरी कसा ठेवलाय! पहिला मुलगा, आईची दोन प्रकारची संपत्ती, दोन्हींत वाटा मागतो. सोनं घेतो तोवर एकही देव पुढे येत नाही. धान्याला हात लावतो तेव्हा सोळा कोटींचं सैन्य उठतं. सोन्यावर कुणाचा आक्षेप नव्हता, हे लक्षात घ्या. लढाई धान्यावरून झाली. लोभाचीच कथा सांगायची असती तर सोन्याच्या पहिल्या ढिगापाशीच देवांनी त्याला अडवायला हवं होतं. अपूर्वता, म्हणजे दुसरीकडे कुठे न मिळणारी, याच ग्रंथात नव्याने सांगितलेली गोष्ट, हे तात्पर्याचं तिसरं लिंग. लोभाचं फळ वाईट ही गोष्ट पंचतंत्रात आहे, हितोपदेशात आहे, चौथीच्या पाठ्यपुस्तकात आहे. त्यासाठी इतकी वर्षं खर्चून कोकणच्या पावसात चित्रपट काढण्याचं कारण नव्हतं. कमरेला सोनं बांधलेला, भुकेला, अन्नाची बंदी झालेला देव मात्र मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

आता अभ्यास, म्हणजे पुनरुक्ती. चित्रपटात पुन्हा पुन्हा काय येतं? सोनं येतं, पण सोन्यापेक्षा जास्त वेळा जेवण येतं. १९१८ मध्ये विनायकाची आई रोज एका साखळदंडात जखडलेल्या म्हातारीला भरवायला जाते. तिला वेळेवर खायला मिळालं नाही की ती जागी होते. हस्तरचं नाव घेतलं की झोपते. भाऊ मरतो त्या रात्री आई घरी नसते, आणि भरवायचं काम विनायकावर येतं. पुढे पीठ. पीठ मळणं, पिठाची बाहुली करणं, पिठाचं रिंगण आखणं. गर्भात उतरणारा पिठाच्या रिंगणात उभा राहतो, कारण ते रिंगण हस्तरला ओलांडता येत नाही. आणि त्याच पिठाची बाहुली बाहेर फेकली की तो तिच्यावर झेपावतो. अन्नच आमिष, अन्नच कुंपण. तो खात असतो तेवढ्या क्षणांत मुद्रा ओढून घ्यायच्या. विनायकाच्या धंद्याचं सगळं तंत्र एवढंच आहे.

याला लोभ म्हणून भागत नाही. आमच्याकडे याला सावकारी म्हणतात. भुकेल्या माणसाच्या ताटात मूठभर टाकायचं, आणि तो खाली मान घालून खात असताना त्याच्या कमरेचं सोडून घ्यायचं. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनी अशाच गेल्या. आधी खावटी, मग अंगठा, मग सातबारा. तापीकाठच्या काळ्या जमिनीवर जे एके काळी मालक होते ते तिथेच सालदार झाले. चित्रपटातही सावकार आहे, राघव नावाचा. विनायक मुद्रा त्यालाच विकतो. राघवला सोन्याचं उगमस्थान शोधायची घाई होते आणि तो गर्भात उतरून मरतो, तेव्हा प्रेक्षक म्हणतात, “बघा, लोभ.” दोन सावकारांपैकी अननुभवी मेला आणि अनुभवी वाचला, एवढाच त्याचा अर्थ आहे. विनायकाला धंद्याची शिस्त कळते: एका खेपेला थोडंच ओढायचं. हावरटाला शिस्त नसते. सावकाराला असते.

इथे माझ्यावर असा आरोप होईल की मी नंदुरबारचा चष्मा लावून कोकणचा चित्रपट पाहतोय. लावलाय खरा. खेड तालुक्यातलं तुंबाड, जगबुडीचं खोरं, तो धो धो पाऊस आणि आमच्या मिरचीच्या पथाऱ्या यांचा काय संबंध? (पथारी न पाहिलेल्यांसाठी: हंगामात गावाबाहेरच्या मैदानांत मिरची वाळत घालतात, तेव्हा लांबवर जमीन नुसती लाल दिसते. हस्तरच्या गर्भाचा तो ओला लाल रंग पाहिला तेव्हा मला आधी पथारीच आठवली आणि नाक चुरचुरलं.) पण चष्मा प्रत्येकाच्याच डोळ्यांवर असतो. दोन वेळच्या जेवणाची ददात नसलेल्या शहरात बसून पाहिलं की पडद्यावर सोनं मोठं दिसतं, पीठ हे युक्तीचं साधन वाटतं. लोभवादी मताचा जन्म त्या खुर्चीत झालाय. नीती आयोगाच्या २०२१ च्या बहुआयामी दारिद्र्य अहवालात महाराष्ट्रातल्या सगळ्या जिल्ह्यांत नंदुरबार तळाला होता; जिल्ह्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांना त्या अहवालाने गरीब ठरवलं होतं. धडगाव-अक्कलकुव्याच्या कुपोषणाच्या बातम्या दर पावसाळ्यात छापून येतात, इतक्या नेमाने की त्या वाचायचंही लोक विसरलेत. अशा जागी बसून पाहिलं तर आधी बाहुली दिसते.

धान्याभोवतीचं रिंगण आम्ही प्रत्यक्ष पाहिलेलं आहे. १९७१ साली शहादा तालुक्यातल्या पाटीलवाडीत धान्याच्या कारणावरून आदिवासींवर हल्ला झाला. त्या रक्तातून आदिवासी नेते अंबरसिंग महाराजांच्या मागे माणसं उभी राहिली, १९७२ मध्ये श्रमिक संघटना आली, सालदारी आणि गहाण जमिनींचा प्रश्न मुंबईपर्यंत गेला. त्या वेळीही भुकेल्यांवर ठेवलेला आरोप चोरीचाच होता. आणि ज्यांच्या कोठारांत धान्य होतं त्यांना लोभी म्हणण्याची कुणाची हिंमत नव्हती. कथा सांगणारे तेच होते ना!

आणखी एक तुलना मला टाळता येत नाही. सातपुड्यात धान्याचीही एक आई आहे. याहा म्हणजे आई, याहामोगी. तिचं मुख्य स्थान देवमोगरा, सीमेपलीकडे गुजरातच्या नर्मदा जिल्ह्यातल्या सागबारा तालुक्यात. महाशिवरात्रीला आमच्या अक्कलकुवा, तळोदा, नवापूर भागातून माणसांचे लोंढे तिकडे जातात. कणी-कणसरी म्हणून धान्याच्या रूपात तिला ओळखतात. तिच्या कथेत दुष्काळ पडतो, आणि आई माणसांना, गुराढोरांना धान्य पुरवते. नवं धान्य आधी देवाला दाखवायचं, मगच तोंडात घालायचं, हा नेम पाड्यापाड्यांत पाळतात. दोन देवींत कुणी उसनवारी केली असं मी म्हणत नाही. तुंबाडची देवी लेखकाच्या डोक्यातली आहे, याहामोगी लोकांच्या. पण दोघींना शेजारी ठेवलं की एक गोष्ट डोळ्यांत भरते. याहामोगीच्या कथेत आईच्या धान्यावर लेकराचा हक्क आहे की नाही असा प्रश्नच उद्भवत नाही. तुंबाडच्या कथेत सगळ्या लेकरांना धान्य आहे, एकाला नाही, आणि आई ते मुकाट्याने मान्य करते. तिथेच मला अंगावर काटा येतो. म्हातारीच्या छातीतून उगवलेल्या झाडापेक्षा जास्त.

त्या म्हातारीबद्दलही बोललं पाहिजे. बहुतेक प्रेक्षक तिला सरळ चेटकीण म्हणतात. नंदुरबारमध्ये असं म्हणणं महागात पडतं. इथे डाकीण ठरवलेल्या बायका आहेत, गाव सोडून गेलेल्या आहेत, मार खाऊन मेलेल्या आहेत. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला, त्यासाठी आयुष्य वेचलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला खून झाल्यानंतर. पण कायद्याची प्रत पाड्यावर पोचायला वेळ लागतो. म्हणून काही सुशिक्षित मंडळी असले चित्रपट अंधश्रद्धा पसरवतात म्हणतात. सरसकट ते खरं असेलही. ‘तुंबाड’पुरतं मुळीच नाही. ही म्हातारी कुणावर करणी करत नाही. ती सोनं आणायला गेली, हस्तरने तिला पकडलं, आणि तिच्याच घरच्यांनी तिला पिढ्यानपिढ्या साखळीने बांधून ठेवलं. विनायक पंधरा वर्षांनी परततो तेव्हा तिच्या अंगातून झाड वाढलेलं असतं, काळीज अजून धडधडत असतं, आणि ती सोन्याचा ठाव सांगण्याच्या बदल्यात फक्त मरण मागते. यात चेटूक कुठे आलं? गुपित पोटात असलेली बाई मरूही द्यायची नाही आणि जगूही द्यायची नाही, हा घराण्याचा व्यवहार आहे. जाणकारांना एक गोष्ट ठाऊक असेल: ही म्हातारी आणि पांडुरंग, दोन्ही भूमिका मोहम्मद समद या एकाच मुलाने केल्यात. सोन्यापायी बांधलेली आणि सोनं नाकारणारा, दोघांचा चेहरा एक. निव्वळ काटकसर म्हणून असं कुणी करत नाही.

आता विनायकाच्या आईकडे या. लोभवाद्यांना तिचं काय करावं ते कळत नाही, म्हणून ते तिला वगळतात. ही बाई वर्षानुवर्षं तुंबाडच्या वाड्याचा मालक असलेल्या ‘सरकार’ची सेवा करते, सगळ्या अर्थांनी. त्याची म्हातारी सांभाळते. मोबदला काय, तर तो मेल्यावर मिळायची एक मुद्रा. एक! ती मिळाल्यावर मुलाला घेऊन पुण्याला निघते आणि परत तुंबाडला यायचं नाही अशी शपथ घालते. ही लोभी आहे? ती मजूर आहे आणि तिची मजुरी थकलेली आहे. चित्रपटात सोन्याची पहिली मुद्रा लुटीतून येत नाही, थकबाकीतून येते. विनायकाने लुटीला सुरुवात केली ती ही थकबाकी पाहून. त्याच्या वर्तनाचं समर्थन मी करत नाही. तो क्रूर आहे, बायकोशी दुष्ट आहे, मुलाला मृत्यूच्या तोंडी शिकवणीला नेतो. लोभही त्याला आहे. पण लोभ हा विनायकाचा स्वभाव आहे. ‘तुंबाड’चं तात्पर्य नव्हे. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधल्या शायलॉकचा स्वभाव क्रूर आहे म्हणून त्या नाटकाचं तात्पर्य ‘क्रूर होऊ नका’ असं कुणी लिहीत नाही.

दुसरा एक समज वाटेतच निकालात काढतो, कारण त्याला फार जागा द्यायची गरज नाही. पुष्कळ लोक हस्तरचा शोध पुराणांत घेतात. कुणी म्हणतं लुप्त झालेलं उपपुराण, कुणी म्हणतं कोकणातली दंतकथा. अठरा पुराणांत हस्तर नाही. त्याच्या नावाशी जवळचं नाव सापडतं ते अमेरिकन अँब्रोज बिअर्सच्या १८९० च्या दशकातल्या कथेत, जिथे हस्तूर हा मेंढपाळांचा देव आहे. पुढे चेंबर्स आणि लव्हक्राफ्ट यांच्या भयकथांत तो शिरला. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना बीज मिळालं नारायण धारपांच्या एका कथेतून, जी त्यांना १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने रात्री सांगितली होती. धारपांची ती कथा स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’वरून बेतलेली. आणि गावाचं नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या १९८७ च्या कादंबरीने मराठी वाचकाच्या कानावर आधीच घातलेलं. म्हणजे अमेरिकेतून धारप, धारपांकडून जंगलातला मित्र, मित्राकडून बर्वे. दंतकथा अशाच तर जन्मतात, प्रत्येक जण आपल्या भयाची भर घालतो. मूळ पुराण नाही म्हणून हिरमुसण्याचं कारण नाही. हे सगळं मराठी असून चित्रपट हिंदीत का, याबद्दल मात्र मी हिरमुसलेला आहे आणि राहीन.

तिसरा समज: २०१८ मध्ये प्रेक्षक तयार नव्हता, २०२४ मध्ये तो सुजाण झाला. हे प्रेक्षकाच्या माथी मारलेलं खापर आहे. १२ ऑक्टोबर २०१८ ला चित्रपट लागला तेव्हा त्याच्या वाट्याला पडदे थोडे आणि आठवडे त्याहून थोडे आले. आधीच्या आठवड्यात ‘अंधाधुन’ लागलेला होता आणि पुढच्या आठवड्यात ‘बधाई हो’. व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहाची सुरुवात याच चित्रपटाने झाली होती, पंकज कुमार यांच्या छायाचित्रणाला पुढे फिल्मफेअर मिळालं. पण आमच्यासारख्या जिल्ह्यांत पडद्यावर तो पाहायला मिळणं ही नशिबाची गोष्ट होती. १३ सप्टेंबर २०२४ ला तो पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेच्या दुपटीहून अधिक कमाई करून गेला. सहा वर्षांत माणसांच्या बुद्धीत एवढा फरक पडत नाही. वाढण्यात फरक पडला. ताटात वाढलंच नाही आणि नंतर म्हणायचं, याला भूकच नव्हती!

पुन्हा १९१८ कडे. चित्रपटात त्या वर्षी पाऊस थांबत नाही. इतिहासात त्या वर्षी पश्चिम भारतात मोसमी पाऊस दगा देऊन गेला, धान्य कडाडलं आणि पाठोपाठ इन्फ्लुएंझाची साथ आली. एकट्या मुंबई इलाख्यात तिने दहा लाखांहून अधिक बळी घेतले. आमचा मुलूख तेव्हा पश्चिम खानदेशात होता. छप्पन्नच्या (संवत १९५६ च्या) दुष्काळाची आठवण अजून ताजी असलेल्या भिल्ल वस्त्यांवर हे दुसरं संकट आलं. चित्रपट याबद्दल अवाक्षर काढत नाही, आणि दिग्दर्शकाच्या मनात हे होतं असा माझा दावा नाही. पण बाहेर सगळ्या मुलुखात अन्नाविना माणसं मरत असताना एका गावात पाऊसच पाऊस, आणि त्या पावसात एक दाणा उगवताना दिसत नाही, फक्त जमिनीखाली सोनं. दुष्काळाचं याहून उलटं आणि याहून अचूक चित्र मला सुचत नाही. स्वप्नासारखा, विसंगत, अतिवास्तव म्हणून नावाजलेला हा चित्रपट एवढ्या बाबतीत सरळसरळ वास्तव आहे.

शेवटी तो उपसंहार, लोभवाद्यांचा बालेकिल्ला. १९४७ साल आहे. नव्या राज्यात तुंबाडचा वाडा सरकारजमा होणार असं विनायकाला कळतं. वाड्याच्या जुन्या मालकालाही गावात ‘सरकार’च म्हणत, हा योगायोग मराठी कानाला चुकणार नाही: एका सरकारचा वाडा दुसऱ्या सरकारकडे. घाई झाल्यामुळे पांडुरंग सुचवतो की मुद्रा कशाला ओढायच्या, सगळा लंगोटच पळवू. त्यासाठी एक बाहुली पुरणार नाही, म्हणून पुष्कळ बाहुल्या घेऊन बापलेक उतरतात. आणि तिथे जे घडतं ते लोभाच्या हिशेबात कुठेच बसत नाही. जितक्या बाहुल्या, तितके हस्तर. प्रत्येक बाहुलीमागे एक नवा भुकेला देव. आमिष वाढवलं की भूक वाढते, भागत नाही, हे त्या कोंदट लाल गुहेत बाप-मुलाला एकदम कळतं. विनायक सगळ्या बाहुल्या अंगाला बांधून त्या सगळ्या हस्तरांना आपल्यामागे ओढतो आणि मुलाला वाट करून देतो. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा तो दुसऱ्यासाठी अन्न होतो. याला काय म्हणायचं? लोभाची शिक्षा? मग शिक्षा भोगणाऱ्याने ती स्वतःहून अंगाला कशी बांधून घेतली?

पांडुरंगाचा नकारही मला लोभावरचा विजय वाटत नाही. लंगोट पळवण्याची कल्पना त्याचीच होती. तासाभरात कुणी विरक्त होत नाही. त्याने ते सगळे हस्तर जवळून पाहिले, आणि आता त्याला त्या सोन्यामागचं पीठ दिसतंय. बापाला तो पेटवतो कारण त्या म्हातारीसारखं साखळीत बांधून भरवत ठेवायचं, हा दुसरा पर्याय त्याला माहीत आहे आणि नकोय. सोनं तो तिथेच टाकून जातो. हस्तरला मात्र कुणी काहीच देत नाही, पांडुरंगही नाही.

ज्यांनी ‘तुंबाड’ पाहिला आहे त्यांना माझी विनंती आहे. पुन्हा लावाल तेव्हा मुद्रा मोजू नका, बाहुल्या मोजा, आणि त्यांतली एक तरी हस्तरला शेवटच्या घासापर्यंत सुखाने खाऊ दिली का ते बघा. मी तीनदा बघितलं. दिलेली नाही.